घातलेलं आणि परत आलेलं

रविवार, ११ मे २०२५
दुपारी ३ वाजून २० मिनिटे
बोनकोडे

मनस्वीताई,

आत्ता मी ओटीवर बसलो आहे. समोर आपला इन्व्हर्टर, त्याला जोडलेले साडेतीनशे वॉटचे बल्ब आणि एक मीटर. घरातली लाईट मी मेनमधून बंद केली आहे. बाबांचं मशीन तेवढं जाईआत्याच्या घरून वायर ओढून चालू ठेवलंय. बल्ब पेटवून पाऊण तास झाला. ते विझेपर्यंत मला इथून हलता येणार नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं.

तुझ्या नंबरवर माझा फोन लागत नाही. लागला असता तरी मी नीट बोललो नसतो. पत्ता तुझ्या लॅबच्या वेबसाइटवरून घेतला. पाकिटावर ‘बॅटरी तपासणी विभाग’ असं मुद्दाम लिहिलं, म्हणजे तुला ते ऑफिसचं वाटेल आणि तू उघडशील. उघडलं असशील तर पुढचं वाच. सहीबद्दल यात काही नाही.

बाबांचं तुला कोणी कळवलं की नाही मला माहीत नाही. फेब्रुवारीपासून त्यांना घरी ऑक्सिजन लावावा लागतो. फुफ्फुसं कामातून गेली आहेत असं डॉक्टर म्हणतात. मिठागर सुटल्यावर गोदामात केलेली वीस वर्षं आणि विड्या, दोन्ही मिळून. हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन भाड्याने आणलंय. ते लाईटवर चालतं आणि साडेतीनशे वॉट खातं. मशीन थांबलं की बाबांची बोटं निळी पडायला लागतात.

गुरुवारी, ८ तारखेला, गावठाणातली केबल जळली. पावणेचार तास लाईट नव्हती. गावात आता प्रत्येक घरावर चार मजले चढलेत, केबल मात्र तीच जुनी आहे. आपली बॅटरी सव्वा तासात बसली. छोटा सिलिंडर तासभर पुरला. उरलेल्या वेळात बाबांना रिक्षात घालून वाशीच्या हॉस्पिटलात नेलं. रिक्षात ते मला म्हणाले, “खिरकी उघरी ठेव.” खिडकी उघडीच होती.

तुला विचारायचं ते हे. मी नझीरभाईंच्या बॅटरीच्या दुकानात काम करतो. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला तेव्हापासून तिथेच आहे. गिऱ्हाईक विचारतं, “किती तास चालेल?” आम्ही कंपनीच्या कागदावरचा आकडा सांगतो. पण पेटीत किती वीज घातली आणि त्यातली किती परत आली, हे कोणी विचारत नाही. मीही कधी मोजलं नव्हतं. आता मोजतोय. शिशाची बॅटरी, लिथियमची बॅटरी आणि पेट्रोलचा जनरेटर, या तिन्हींत बाबांच्या मशीनला शेवटपर्यंत कोण साथ देईल? तू रोज हेच काम करतेस. मला तुझ्याशिवाय दुसरं कोणी माहीत नाही.

३ वाजून ५८ मिनिटांनी बल्ब विझले. एक तास तेवीस मिनिटं. काल रात्रभर या बॅटरीत १.१ युनिट घातलं होतं. परत आलं ०.४८. निम्म्याहून कमी.

मीटर चुकीचा असेल म्हणून उद्या दुकानातल्या दुसऱ्या मीटरने परत मोजीन.

विपुल

रविवार, ८ जून २०२५
सकाळी ७ वाजून १० मिनिटे
बोनकोडे

ताई,

तुझं पत्र बुधवारी दुकानाच्या पत्त्यावर आलं. तू ते टाईप केलं आहेस, त्यामुळे तुझं अक्षर दिसलं नाही. पण वाक्यं तुझीच होती. मी ते पाच वेळा वाचलं आणि जे कळलं ते खाली लिहितो. चुकलं असेल तर सांग.

कोणतीही पेटी घातलेली सगळी वीज परत देत नाही. वीज आत जाताना रसायन बदलतं, बाहेर येताना ते पुन्हा मूळपदावर येतं, आणि या जाण्यायेण्यात काही उष्णता होऊन जातं. चांगली शिशाची बॅटरी शंभरातले पंचाहत्तर-ऐंशी देते. लिथियमची नव्वदच्या वर देते. त्यातले काही इन्व्हर्टर खातो, तो भाग वेगळा. शिवाय शिशाच्या बॅटरीतून वीज घाईने उपसली की ती आणखी कमी देते, आणि तळापर्यंत उपसली की तिचं आयुष्य जातं. म्हणजे त्या ८ मेच्या गुरुवारी आम्ही तिच्याकडून घाईने आणि तळापर्यंत, दोन्ही घेतलं. एवढं कळलं.

जनरेटरचंही मी मोजलं. दुकानात एक छोटा आहे. मोजून एक लिटर पेट्रोल घातलं आणि तेच बल्ब लावले. सव्वा युनिट मिळालं. लिटरभर पेट्रोलमध्ये नऊ युनिटांच्या आसपास असतात असं तू लिहिलंयस. नझीरभाई बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, “नऊमधले सव्वा? अरे, हा जनरेटर आहे का माझा मेहुणा?” पण खरी अडचण ती नव्हतीच. आपल्या गल्लीत दोन घरांमध्ये चार हाताचं अंतर नाही. धूर सरळ बाबांच्या खोलीत येणार. ज्याला श्वास द्यायचा त्यालाच धूर द्यायचा, म्हणून जनरेटर बाद.

मग राहते लिथियम. तू लिहिलंस की तुमच्याकडे तपासणी झालेल्या बॅटऱ्या कर्मचाऱ्यांना कमी किमतीत मिळतात, आणि तू एक पाठवू शकतेस. पुढे एकच ओळ लिहिलीस, ‘पण बाबा माझी वस्तू घरात घेतील का?’

याचं उत्तर लिहायला मला चार दिवस लागले.

बाबांना लिथियम म्हटलं की राग येतो. काकांच्या शिवादादाने त्यांना मोबाईलवर स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ दाखवलाय. “रस्त्यान गाऱ्या पेटतान, ती बला मना घरान नको.” हे झालं बॅटरीचं. तुझ्याबद्दल विचारशील तर, दोन वर्षांपूर्वी गणपतीत तू आलीस तेव्हा जे झालं ते तुला माहीतच आहे. तू ओटीवर उभी होतीस. जाईआत्या आईचा तांब्या भरून बाहेर आली आणि बाबा तिला म्हणाले, “सही केल्याबिगर तिला या घरचा पानी नाय.” जाईआत्या तांब्या घेऊन परत आत गेली. मी मखराच्या माळा लावत होतो. तू गेल्यावर त्या माळा मी तीनदा काढून परत लावल्या, तरी सरळ लागल्या नाहीत. बाबांनी तो शब्द अजून मागे घेतलेला नाही. म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

गंमत म्हणजे जुन्या बॅटरीवर बाबांचा फार जीव. दर अमावास्येला तिला पाणी तेच घालतात. मिठागरावर उधाणाचा दिवस बघून उघाडी उघडायचे, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं दार, तसंच हे. गेल्या अमावास्येला, २७ मेला, नाकात नळी असताना जमिनीवर बसले, बॅटरीच्या पाण्याचा कॅन मांडीशी घेतला आणि सहाही झाकणं उघडून बोटाने पातळी बघत भरलं. मी म्हटलं, “बाबा, ही आता निम्मंसुद्धा परत देत नाही.” ते म्हणाले, “दर्याचं येवरं पानी घ्यायचो, मीठ कवरं मिलायचं? आमी दर्याला विचारला नाय.”

तेव्हा पाठवायची असेल तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. पुढचं मी बघतो.

विपुल

ता. क. शिवादादा येऊन गेला. तू पत्राला उत्तर दिलंस हे त्याला कसं कळलं माहीत नाही. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात आईच्या नावावर मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आई गेल्यापासून तुझ्या सहीवाचून अडलाय, बिल्डर सप्टेंबरपर्यंतच थांबणार, असं म्हणत होता. आपल्याकडे सगळ्या बहिणी हक्कसोड करून देतात, हेही म्हणाला. मी फक्त कळवतो. तू बघ.

रविवार, ६ जुलै २०२५
संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटे
बोनकोडे

ताई,

बॅटरी १ तारखेला मिळाली. आतल्या चिठ्ठीवर तीन ओळी होत्या. पहिली, ओल लागू देऊ नको, वरचा सर्किट बोर्ड पाण्याने जातो. दुसरी, बाबांना खरं सांगून बसव. तिसरी, सहीचा विषय बॅटरीच्या पत्रात घालू नको.

तिसरी पाळतो. त्याबद्दल मला लाज वाटली, एवढंच लिहून थांबतो.

पहिली पाळण्यासाठी जे करता येईल ते केलं. दुसरी पाळली नाही.

काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण तू शास्त्रीय दृष्टीने बघशील. दुकानात मोडीत आलेल्या शिशाच्या बॅटरीचं रिकामं खोकं होतं, आपल्यासारखंच, त्याच कंपनीचं, तोच लाल पट्टा. ते मी आतून सोड्याने तीनदा धुतलं आणि दोन दिवस पंख्याखाली वाळवलं. तुझी बॅटरी त्यात उभी बसते. ती वजनाला निम्मीसुद्धा नाही, म्हणून खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या विटा ठेवल्या. वायरी खोक्याच्या जुन्याच खिळ्यांना, म्हणजे टर्मिनलना, आतून जोडल्या. वर सहा झाकणं आहेत, पाणी घालायची. ती गोंदाने पक्की केली. पातळी दाखवणारे तरंगते दांडे मधोमध चिकटवले, म्हणजे बघणाऱ्याला वाटेल पाणी भरपूर आहे. चार्जिंगचं सेटिंग लिथियमचं केलं, तू लिहिलेल्या आकड्यांप्रमाणे, दोनदा तपासून.

नझीरभाई बघत होते. म्हणाले, “विपुल, तीस वर्षं धंदा केला. लोक नवीन खोक्यात जुना माल भरतात. जुन्या खोक्यात नवीन माल भरणारा तू पहिलाच येडा.” मग दुकानाचा टेम्पो दिला. मी पैसे देऊ लागलो तर म्हणाले, “तुझ्या बाबांनी, नामदेवकाकांनी, मला पोहायला शिकवलंय उरणच्या खाडीत. ठेव खिशात.”

आज दुपारी बसवली. बाबांना म्हटलं, जुनी उघडून आतल्या प्लेटी नव्या टाकून आणल्या. त्यांनी खोक्यावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. म्हणाले, “बरं झालं. जुनी सोबत होती.” मग जाईआत्याला सांगितलं, “मागं झाडू मारताना सरकवू नको तिला.” एवढंच.

आता बरं वाटतंय. खरं सांगितलं असतं तर बॅटरी दारातच राहिली असती, आणि पुढच्या वेळी लाईट गेली की मी पुन्हा रिक्षा शोधत फिरलो असतो. बाबांना राग येऊ नये म्हणून मी हे केलेलं नाही. त्यांचा श्वास चालू राहावा म्हणून केलंय. हे वाक्य मी आधी कच्च्या कागदावर लिहिलं होतं. पक्कं करताना खोडावंसं वाटलं, तरी ठेवलं.

विपुल

रविवार, २० जुलै २०२५
दुपारी १ वाजता
बोनकोडे

ताई,

आकडे आले. बॅटरीत २.२ युनिट घातलं, १.७ परत आलं. इन्व्हर्टरचं खाणं धरून शंभरातले सत्याहत्तर. आपल्या जुन्या बॅटरीचे चव्वेचाळीस होते. बल्ब चार तास एकावन्न मिनिटं जळले आणि शेवटच्या मिनिटापर्यंत उजेड तेवढाच होता. शिशाच्या बॅटरीवर ते शेवटी पिवळे पडायचे.

पण आकड्यांपेक्षा मोठं सांगतो. परवा शुक्रवारी दुपारी तीन तास लाईट गेली आणि बाबांना कळलंच नाही. ते झोपलेले होते, मशीन चालू होतं. जाईआत्या पंख्याने वारा घालत बसली होती, ती म्हणाली, “याचा दम चाललाय नि माझा चाललाय जायला.” मी मशीनकडे बघत उभा राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तू हे कुणाला सांगू नको.

बाबांना जाग आली तेव्हा त्यांनी इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा बघितला. मग कान देऊन काही तरी ऐकू लागले. “आवाज नाय येत हिचा,” म्हणाले. मी म्हटलं, नवीन प्लेटी आहेत, नवीन कमी आवाज करतात.

येत्या गुरुवारी दिव्यांची अमावास्या आहे. मी आधीच सांगून ठेवलंय की नवीन प्लेटींना सहा महिने पाणी लागत नाही. झाकणांवर गोंदाचा आणखी एक हात मारला. तरी मला झोप नीट लागत नाही. तू म्हणशील, मग खरं सांग. सांगणार आहे. गणपती झाले की सांगतो.

विपुल

रविवार, २७ जुलै २०२५
सकाळी ९ वाजून ४५ मिनिटे
बोनकोडे

ताई,

बाबा बरे आहेत. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू घाबरून वाचणार नाहीस. आत्ता ते आत चहात खारी बुडवून खातायत आणि जाईआत्याशी खाऱ्या वाऱ्यावरून वाद घालतायत.

गुरुवारी सकाळी जाईआत्याने घरातले सगळे दिवे चिंच लावून घासले. समया, निरांजनं, आईचा लामणदिवा. पाटावर मांडले. बाबा खाटेवरून सूचना देत होते. मी नमस्कार करून दुकानात गेलो.

दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी गावठाणातली लाईट गेली. मी सेक्टरमध्ये एका सोसायटीत बॅटरी बसवत होतो. जाईआत्याचा फोन आला. “पोरा, मशीन वरडते.” लाईट तुटली की मशीन ओरडतं. ते ओरडतंय याचा अर्थ बॅटरीने वीज उचललीच नव्हती. मी म्हटलं, “आत्या, इन्व्हर्टरवर कोणता दिवा आहे?” ती म्हणाली, “एक पन नाय. सगला काला.”

सिलिंडर खाटेखाली होता, पण तिला त्याची चावी फिरेना. मी फोनवर सांगत होतो डावीकडे, ती फिरवत होती उजवीकडे. मागून बाबांचा आवाज येत होता, एकेक शब्द सुटा. “डावी... कर... बाय.” शेवटी चावी फिरली. नझीरभाईंनी अर्धं शटर पाडलं, भरलेली एक शिशाची बॅटरी टेम्पोत टाकली आणि मला वाटेत उचललं. गाडी स्वतः चालवत होते. बोनकोड्याच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही, म्हणून दोघांनी बॅटरी हातात धरून नेली. सिलिंडर संपत आला होता. बाबांच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजणाऱ्या मशीनवर अठ्ठ्याहत्तर दिसत होते. नव्वदच्या खाली जायला नको असतात. ओठांचा रंग मी लिहीत नाही.

वायरी जोडताना माझा पाना दोनदा नटवरून निसटला. नझीरभाईंनी माझ्या हातातून पाना घेतला आणि म्हणाले, “तू लाल धर, मी काळी लावतो.” मशीन चालू झालं. सव्वासातला लाईट आली.

शुक्रवारी सकाळी मी तुझं खोकं अंगणात नेऊन उघडलं. सहातलं एक झाकण गोंदातून उपटलेलं होतं. बाजूला वाकलेलं उलथणं पडलं होतं. आत विटांपर्यंत पाणी होतं. वरचा बोर्ड पांढरा-हिरवा झाला होता आणि एका कोपऱ्यात जळला होता. तुझ्या बॅटरीचे आतले चारही सेल मी एकेक करून मोजले, ते शाबूत आहेत.

मला वाटलं तेच झालं होतं. अमावास्या होती, बाबांना राहवलं नसेल. मी बॅटरीच्या पाण्याचा कॅन बघायला गेलो, किती घातलं ते कळावं म्हणून. कॅन भरलेला होता. सील फोडलेलं नव्हतं.

मी बाबांसमोर जाऊन बसलो.

“बाबा, पाणी कोणी घातलं?”

“मी.”

“कॅन तर तसाच आहे.”

“मग. तेला कशाला हात लावू.”

“म्हणजे नळाचं घातलंत? तुम्ही? सहावीत असताना मी एकदा नळाचं घातलं म्हणून तुम्ही मला कानाखाली दिली होती.”

“ती बॅटरी होती. बॅटरीला बॅटरीचा पानी.”

“आणि ही?”

बाबांनी नाकातली नळी नीट केली. मग म्हणाले, “हिला बुडबुडा नाय, वास नाय. जुनी राती चार्ज होताना पेज शिजल्यासारी बोलायची. ही मुकी. मना पयल्याच हप्त्यान कलला. नि तू म्हनतस प्लेटी बदलल्या. येवरी म्हागाची वस्तू आपले घरान कोन पाठवील? तुझा शेठ?”

मला रागच आला. मी म्हटलं, “माहीत होतं तर मग पाणी कशाला घातलं? ती मुकी आहे, तिला पाणी लागत नाही, एवढं कळलं तुम्हाला. आणि वरून उलथण्याने झाकण फोडून घातलंत? काल मरता मरता वाचलात.”

“पोरगी घरान आयली,” बाबा म्हणाले. “तीन हप्ते झाले, कोपऱ्यान उभी हाय, माझा दम धरून. कोनी पानी दिला तिला?”

जाईआत्या दारात होती. तिने पदर तोंडाला लावला. ती म्हणाली, “तांब्या मागितला माझ्याकडं. वहिनीचा. मना वाटलं देवाला.” म्हणजे तोच तांब्या.

बॅटरी कशी चालते, तिच्या बोर्डवर पाणी पडलं की काय होतं, हे मी त्यांना समजावून सांगू लागलो. ते ऐकत होते, मिठागरावर माल मोजायला येणाऱ्या माणसाचं ऐकायचे तसे. शेवटी म्हणाले, “तुमचा शास्तर तुमी बगा. ती दारान आयली नि पानी न घेता गेली, येच्यापुरता मी बोलतंय.” आणि थोड्या वेळाने, “माझी चूक झाली. बॅटरीची. दुसरी तिला म्हाईत हाय.”

मी विचारलं, तिला ये म्हणून कळवू का? ते म्हणाले, “ये म्हनून नको सांगू. तिची ती बगल. पानी दिला, येवरंच लिव.”

म्हणून लिहिलं.

तुझ्या चिठ्ठीतली दुसरी ओळ मी पाळली असती तर गुरुवार असा गेला नसता, हे मला कळतं. बाबांच्या दारात तुझं नाव घेऊन ती बॅटरी ठेवायला मी घाबरलो, आणि त्यांना मात्र ती कोणाची हे पहिल्या आठवड्यातच माहीत होतं. घरात आम्ही दोघं तीन आठवडे एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होतो.

काल शिवादादा आला होता. त्याला ओटीवरच सांगितलं, आईमागे प्लॉटवर बाबांचं, तुझं नि माझं, अशी तिघांची नावं आहेत आणि तिघांचीच राहतील. तो म्हणाला, “तुला अक्कल हाय काय रं? बहिनीच्या एका बॅटरीवर प्लॉट सोडतोस?” आतून बाबा खोकले. खोकला थांबल्यावर म्हणाले, “शिवा, च्या घे नि जा.” शिवादादा चहा न घेता गेला.

आता कामाचं. तुझी बॅटरी मी दुकानात नेऊन पूर्ण कोरडी केली आहे. सेलवर आकडे लिहून चिकटवलेत. बोर्ड बदलला तर ती चालेल असं मला वाटतं, पण बोर्ड मला बसवता येत नाही, आणि चुकीचा बसवला तर मला पुन्हा भीती वाटत राहील. बोर्ड पाठवायचा की काय करायचं, ते तू ठरव. तोपर्यंत नझीरभाईंची शिशाची बॅटरी जोडली आहे. ती रात्री बुडबुडते. बाबा म्हणतात, “ही फार बडबड करते.”

लाल पट्ट्याचं खोकं मोडीत दिलं. तुझी बॅटरी परत बसेल तेव्हा उघडीच बसेल, तिच्यावर तुमच्या लॅबचं नाव दिसेल असं तोंड करून. जागा मी पुसून ठेवली आहे. नळापासून दूर आहे.

खाली हिशेब देतो.

विपुल

झालेला खर्च
स्पीड पोस्ट, पाच पाकिटं (हे धरून): ₹ २३५
पेट्रोल, एक लिटर, मोजणीसाठी: ₹ १०४
झाकणांचा गोंद, दोन नळ्या: ₹ ९०
सिलिंडर दोनदा भरला: ₹ ७००
नवं उलथणं: ₹ ६०
टेम्पो, दोन फेऱ्या: नझीरभाईंनी घेतले नाहीत
एकूण: ₹ १,१८९

देणे
तुझी बॅटरी: किंमत तू कळवली नाहीस. बाजारात ₹ ४२,००० आहे, तेवढे धरले आहेत. दरमहा दोन हजार देता येतील.
नवा बोर्ड: कळव.
नझीरभाईंची बॅटरी, उसनी: परत द्यायची.
तांब्यातलं पाणी: मी लिहीत होतो, बाबा म्हणाले, हे हिशेबात धरायचं नाही.